पडद्यावरचा चिंतामणी रंग

दादा,

आपल्या घरात आता कॉम्प्युटर आहे. तुम्ही गेलात तेव्हा तो आपल्या बँकेतसुद्धा नव्हता, म्हणून कसा असतो ते सांगतो. टीव्हीसारखा पडदा, पुढे टाइपरायटरसारखी बटणं आणि हाताखाली धरून सरकवायची एक वस्तू, तिला माउस म्हणतात. मी विश्रांतवाडीला तुमच्या नातवाच्या फ्लॅटमध्ये राहतो. तो कंपनीच्या कामाने सारखा बाहेरगावी असतो आणि सूनबाई खराडीला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात जाते. दिवसभर घरात मी एकटा. गॅस बंद आहे ना, नळ गळत नाही ना, दाराला कडी आहे ना, असं पाहत फिरत असतो. माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, तो वयाने कमी झालेला नाही. या फेऱ्या पाहून सूनबाईनेच एकदा मला त्या पडद्यापुढे बसवलं. म्हणाली, "बाबा, हा खेळ शिका. हात गुंतला की डोकं शांत राहते." ती नागपूरकडची आहे, बोलणं थोडं वेगळं, पण मनाने सरळ.

खेळ असा. पडद्यावर चौकोनी फरश्या रचलेल्या असतात, एकीवर एक. प्रत्येकीवर चित्र असतं, फूल, मासा, पक्षी. हुबेहूब सारख्या दोन शोधायच्या आणि एकीमागून एक दाबायच्या. टिक् असा आवाज होतो, दोन्ही नाहीशा होतात आणि खालच्या मोकळ्या होतात. सगळ्या उचलल्या गेल्या की आपण जिंकलो. सुरुवातीला मी बटण दाबायलाच घाबरायचो. काही बिघडलं तर, विजेचं बिल वाढलं तर, हीच धास्ती. पण दादा, तो खेळ मला पहिल्या दिवसापासून ओळखीचा वाटला. आपण बापलेकांनी जन्मभर दुसरं केलं काय? लक्ष्मी रोडवरच्या त्या मॅचिंग सेंटरमध्ये बायका साडी घेऊन यायच्या आणि आपण तिच्या जोडीचं ब्लाउजचं कापड काढून द्यायचो. तिथे टिक् व्हायचं नाही एवढंच. बाईंची मान हलली की जुळलं.

सातवीनंतर शाळा सुटली आणि तुम्ही मला त्या काउंटरवर तुमच्या शेजारी उभं केलंत. एका बाईंची डाळिंबी साडी आहे. मी घाईने ठाण ओढतो, ट्यूबलाइटखाली पदर लावून बघतो आणि कात्री उचलतो. तुम्ही माझं मनगट धरता. "ट्यूबखाली सगळंच जुळतं. चल उन्हात." आणि गिऱ्हाइकासकट आपण दुकानाच्या पायरीवर येतो. उन्हात माझं कापड चक्क विटकरी निघतं. आता सगळ्यांदेखत कान पिळला जाणार म्हणून मी मान आत ओढतो, तर तुम्ही त्या बाईंना म्हणता, "आमचे चिरंजीव. घाई माझी घेतलीय, डोळे अजून कुणाचेच घेतले नाहीत." बाई हसतात, पण पक्क्या पेठेतल्या. विचारतात, "अहो, पण घरी दिव्याखाली वेगळं दिसलं तर?" तुम्ही कापडाची घडी घालत म्हणता, "मग दिवा बदला. कापड बदलून मिळणार नाही." त्यानंतर मी उन्हात नेल्याशिवाय कधी कात्री लावली नाही. आमसुली आणि वांगी, रामा आणि मोरपंखी, श्रीखंडी आणि मोतिया, हे सगळं मी त्या पायरीवर शिकलो. शाळेत शिकलेलं फारसं आठवत नाही.

तर हा खेळ मला छान जमू लागला होता. जेवण झालं की मी बसायचो आणि चहापर्यंत फरश्या संपवायचो. मग हळूहळू तो अडू लागला. एक पक्षी आहे, निळा, चिंतामणी रंगाचा. त्याची जोडी समोर दिसतेय, दाबतो, तर टिक् होत नाही. पुन्हा दाबतो. काही नाही. फुलांचंही तसंच. पहिल्यांदा वाटलं माउस खराब झाला. मग खरी भीती बसली. शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ हल्ली आपला मजला विसरतात, भलत्याच दारावर जाऊन बायकोच्या नावाने हाका मारतात. माझंही डोकं तसंच जायला लागलं असेल तर? मी मनातल्या मनात पाढे म्हणून पाहिले, भावंडांची नावं म्हणून पाहिली. सगळं येत होतं. तरी कुणाला सांगितलं नाही. असं एकदा बोलून दाखवलं की घरातले आपल्याशी हळू आवाजात बोलायला लागतात.

शेवटी एका शनिवारी सूनबाई घरी असताना मी फरशी दाबून दाबून वैतागलो आणि जोरात म्हणालो, "तुझ्या कॉम्प्युटरचे रंग गेलेत!"

ती भाजी निवडत होती. "काहून चिडून राहिले बाबा? काय झालं?"

"दोन सारखे पक्षी आहेत, हा त्यांना सारखे म्हणत नाही."

तिने येऊन पाहिलं. "बाबा, हा ब्लू आहे. तो ग्रीन आहे."

"मला रंग शिकवतेस? लक्ष्मी रोडवर केस पांढरे झालेत माझे."

"बरं, मग पडदाच चुकला." तिने हात झटकले. "विकत आणताना तुम्हालाच न्यायला पाहिजे होतं."

मी हट्टाला पेटलो. हे उन्हात बघायला पाहिजे म्हणालो आणि खिडकीचा पडदा बाजूला ओढला. ऊन थेट कॉम्प्युटरवर आलं आणि त्यावरचं सगळंच दिसेनासं झालं. ती हसायला लागली. मग मी म्हणालो, "तो राहू दे. तुझी एखादी साडी आण आणि ब्लाउजपिसं आण, तुला दाखवतो." तिने आणली. मी गॅलरीत भर उन्हात उभा राहिलो, पदर मनगटावर घेतला, पिसं एकेक करून लावून पाहिली, तुमच्यासारखी मान तिरकी केली, आणि एक पीस तिच्या हातात दिलं. "हे घे. चिंतामणीला चिंतामणी. धाग्याचाही फरक नाही."

तिने पीस साडीला लावून पाहिलं. मघाशी हसत होती ती आता हसत नव्हती. पीस तसंच हातात धरून हळूच म्हणाली, "बाबा, साडी निळी आहे. हे हिरवं आहे."

दादा, त्या गॅलरीत मला तुमचं शेवटचं वर्ष दिसलं. तुम्ही एका मुलीच्या साखरपुड्याच्या साडीला असंच हिरवं कापड दिलं होतंत, आणि तिची आई शिवून झालेला ब्लाउज घेऊन दुकानात आली होती. "हे घालून पाटावर बसली तर पोपट दिसेल ती," असं सगळ्यांसमोर म्हणाली होती. त्या दिवशी तुम्ही दिवा बदला म्हणाला नाहीत. दुकानाच्या मालकांनी तुम्हाला अस्तराच्या कापडाकडे बसवलं, पांढरं आणि काळं, जिथे जुळवायला काही नसतं. तुम्ही मात्र शेवटपर्यंत एकच सांगत राहिलात, "गिरण्यांचे रंग बिघडलेत. निळा आता निळा येतच नाही." मालक मान फिरवायचे. मीही ठाणाच्या आड तोंड करून उभा राहायचो. वाटायचं, चूक कबूल करायला लागू नये म्हणून दादा गिरण्यांवर ढकलतायत. आपले वडील सोयीस्कर खोटं बोलतात, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो. आणि आता मी स्वतः, काही एक खोटं मनात नसताना, कॉम्प्युटरचे रंग गेलेत असं ओरडलो होतो.

सूनबाईने सुट्टी काढून मला सदाशिव पेठेतल्या डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. रिक्षात मी तिला सारखा विचारत होतो, डोकं तर नसेल ना गं? ती म्हणाली, "डोकं असतं तर इतके प्रश्न सुचले नसते." डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि म्हणाले, "आजोबा, दोन्हीकडे मोतीबिंदू चांगला पिकलाय. लोणचं घालायचं होतं का?" मी विचारलं, रंगसुद्धा त्यानेच जातात का? ते म्हणाले, जात नाहीत, पिवळी काच लावून बघितल्यासारखे होतात, इतकं हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. त्याला वाटतं जगच तसं आहे. मला एकदम हलकं वाटलं. डोकं शाबूत होतं. आणि लगेच दुसरीकडून जड वाटलं. तुम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. आपल्यात कुणाला माहीत होतं?

ऑपरेशनची भीती किती वाटली ते लिहीत नाही. आदल्या दिवशी मी सूनबाईला गॅसची जोडणी कशी तपासायची ते दाखवून ठेवलं. पण उजवा डोळा झाला आणि पट्टी निघाली तेव्हा बाथरूममधली बादली पाहून मी म्हणालो, नवी कशाला आणलीत, जुनी बरी होती. ती जुनीच होती, दादा. निळी. मी रोज तिच्यातून अंघोळ करत होतो. माझे शर्ट पांढरे होते. भिंतीही पांढऱ्या होत्या, मला वाटायचं घर घेतानाच मुलाने मोतिया रंग निवडला. दुपारी खेळायला बसलो तर तो चिंतामणी पक्षी असा लखलखीत, की मी हात आवरून नुसता बघत राहिलो. मग त्याची खरी जोडी कोपऱ्यात सापडली. टिक्.

आता एक सवय लागली आहे. खेळता खेळता मी उजवा डोळा हाताने झाकतो. उरलेल्या डाव्या डोळ्याला निळा पक्षी आणि हिरवा पक्षी एकसारखे दिसतात, भिंत मोतिया होते, बादली जुनी होते. अस्तराच्या ठाणांमागे बसून तुम्ही जे बघत होतात ते हेच. तुम्ही खरं सांगत होतात. तुमच्या डोळ्याला निळा येतच नव्हता. मी थोडा वेळ तसाच बसतो. हे दाखवायला मालक नाहीत, ती मुलीची आई नाही, त्यामुळे मी एकटाच ते बघतो आणि मग हात काढतो.

या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात व्हायचं होतं. खोकला असला की डॉक्टर करत नाहीत, धक्का बसतो म्हणतात, म्हणून तारीख पुढे ढकलली आहे. सूनबाई रोज आल्याचा काढा करून देते आणि तो मी गुपचूप पितो. तिला सांगायची हिंमत होत नाही आणि तुमच्यापर्यंत काही पोचत नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितो. मला खोकला झालेला नाही. ती ऑफिसातून यायची वेळ झाली की मी खोकायला लागतो.