एका हाताने सुटणारी गाठ

उधवा

प्रिय बाबा,

हे पत्र धाकट्या वर्षाकडून वाचून घे, आणि ती घाई करायला लागली तर परत पहिल्यापासून वाचायला लाव. फोनवर मी घाबरून अर्धंच बोलते, म्हणून लिहितेय. आधी सांगते, नोकरी आहे. गेल्या आठवड्यात मात्र ती गेलीच असं वाटलं होतं.

तू विचारतोस ना, बोट समुद्रात आणि तिचं गोदाम इथे डोंगराकडे कशाला? किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने सुटे भाग गंजतात. म्हणून समुद्रातले तरंगते दिवे दुरुस्त करणाऱ्या त्या बोटीचं सगळं सामान इथून डहाणूला जातं. सोमवारी टेम्पो दारात उभा, आणि खोकी बांधायची प्लास्टिकची पट्टी संपलेली. पट्टीशिवाय खोकं पाठवायचं नाही असा नियम. मी सहा खोकी दोरीने बांधली, तुझ्या गाठीने. चिकूच्या झाडावरून टोपली खाली सोडताना तू मारतोस ती. टेम्पो गेला आणि माझा जीव थाऱ्यावर राहिना. शेवटी आमच्या साहेबांना, मुकेशभाईंना, स्वतःच जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "हर्षदाबेन, वाटेत सुटलं तर तुम्ही पोहत जाऊन आणणार का?" दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

बुधवारी बोटीवरून फोन आला. लाटा अशा, की एक हात कठड्याला धरल्याशिवाय उभं राहता येईना. एरवी पट्टी कापायला सुरी लागते, दोन माणसं लागतात. या वेळी एकट्याने दोरीचं टोक ओढलं, खोकं उघडलं आणि तासाभरात दिवा लागला. आता सगळी खोकी अशीच हवीत म्हणे! मुकेशभाईंनी पेढे वाटले, मला दोन.

पण बाबा, इथल्या चौघांना शिकवायला गेले आणि फजिती झाली. प्रविण म्हणतो, "ताई, तू बांधतेस ती गाठ, आम्ही बांधतो तो गुंता." मला सांगताच येत नाही. तू मागे उभा राहून माझे हात धरायचास, तोंडाने कधी सांगितलंच नाहीस.

तेव्हा शनिवारी ये. सकाळी डहाणूहून टेम्पो रिकामा परततो, तो तुला चिकूवाडीच्या फाटकाशी घेईल. तुझी जुनी दोरी आण. "मला काय येतं, मी काय शिकवणार" हे इथे म्हणायचं नाही. गेटवरच्या वहीत पाहुण्याचं नाव आणि काम आधी लिहावं लागतं. तुझ्या नावापुढे मी 'शिकवायला' असं लिहिलंय. खोटं तर नाही ना, म्हणून तीनदा वाचलं. नाही.

वाट बघणारी तुझीच,
हर्षदा