न मोजलेली ताटली

खटकचिंचोळी
१२ मार्च २००६, रविवार, दुपारचे तीन

प्रिय सुधा,

मी घाबरलोय. हा शब्द मी आजवर कुणाला लिहिला नव्हता, म्हणून आधीच लिहून टाकतो. तुझ्या आईची, अव्वाची, तब्येत बरी नाही. फोन केला असता, पण फोन समोरच्या खोलीत, तिथंच तिची खाट, आणि तिचे कान कसे आहेत तुला माहीतच आहे. मला क्रमानं सांगू दे. क्रम सुटला की मला विचार करता येत नाही.

गेल्याच्या गेल्या दिवाळीत तू बेंगळुरूहून आलीस आणि ओसरीवर बसून आम्हा दोघांना तुझ्या प्रयोगशाळेतले किडे समजावून सांगितलेस. किडा एक मिलिमीटर लांब. मी दुकानातली पोलादी पट्टी आणून अव्वाला एक मिलिमीटर दाखवला, तर ती म्हणाली, “एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवायला एवढी शिकलीस व्हय गं?” किती हसलो आपण. शंभर किडे एका ताटलीत, पोटभर खाणारे. शंभर दुसऱ्या ताटलीत, बेतानं खाणारे. पोटभरवाले विसाव्या दिवसाच्या आसपास संपतात, बेतवाल्यांतले बरेच अठ्ठाविसाव्या दिवशीही हलतात. अन्न कमी पडलं की शरीर भट्टी मंद करतं, अंडी कमी घालतं आणि उरलेली ताकद दुरुस्तीला लावतं, असं तू म्हणालीस. तीस वर्षं मी या चार गावांचे तराजू-काटे दुरुस्त करतोय. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी शिकलेलं. ‘दुरुस्ती’ हा शब्द ऐकला आणि मी तुझ्या किड्यांच्या बाजूचा झालो. माणसाचं असंच होतं का ते अजून कुणाला ठाऊक नाही, हेही तू बजावलं होतंस. ते मी ऐकलं. टिपून मात्र घेतलं नाही.

गेल्या वर्षीच्या एक जानेवारीपासून मी सुरू केलं. तुला कळवलं नाही, कारण वर्षभराचे आकडे एकदम समोर ठेवून तुला चकित करायचं होतं. मला दिवसाला पाचशे ग्रॅम ज्वारीचं पीठ लागायचं, ते साडेतीनशेवर आणलं. सोनारी काटा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. अव्वा भाकरी थापायची, मी माझ्या वाटणीची तोलायचो. “भाकर हाय का सोनं, कामून असं गुंजा-गुंजानं तोलायलाव?” म्हणायची. शेजारच्या सिद्धव्वाला सांगायची, “आमच्यात जावई आल्यावानी रोज काटा जेवायला बसायलाय बघा.” मी हसायचो आणि वहीत आकडा लिहायचो. सहा महिन्यांत माझं वजन आठ किलोनं उतरलं, गुडघा दुखायचा थांबला, जिना चढताना दम लागेना. बाजारात जो भेटेल त्याला तुझ्या किड्यांची गोष्ट सांगायचो. काशाप्पा चहावाल्याला तर म्हणालो, आता मी आणखी वीस वर्षं ज्यास्त जगणार, लिहून घे. अव्वा तेव्हा पिशवी घेऊन माझ्या मागंच उभी होती.

तुझ्या शास्त्राप्रमाणं दुसरी ताटलीही लागते, पोटभर खाणारी. त्याशिवाय फरक कशाशी ताडायचा? ती ताटली म्हणजे अव्वा, असं मी मनाशी धरलं होतं. वहीत तिच्या नावाचा रकानाही आखला आणि त्यात रोज एकच शब्द लिहिला: नेहमीप्रमाणे. चारशे एकोणतीस दिवस, सुधा. एकदाही तोलून पाहिलं नाही.

दिसलं कसं नाही, असं तू विचारशील. आपल्यात बाई मागून जेवते. मी जेवून दुकान उघडायला जायचो, ती नंतर चुलीपाशी बसायची. आणि आपल्यात ताटात शीत ठेवत नाहीत, ताट धुऊन ते पाणीसुद्धा पितात. किती वाढून घेतलं होतं ते धुतलेल्या ताटावरून कुणाला कळणार? एक भाकरी खाल्लेलं ताट आणि चार खाल्लेलं ताट, दोन्ही सारखीच चकचकीत.

मागच्या सोमवारी बांगडीवाली अक्कम्मा आली. अव्वाचा हात हातात घेऊन मला म्हणाली, “अण्णा, अक्काला दोन-सहाची बांगडी लागायची, आता दोन-चारची बी निसटायलीय. घरात काय खायला न्हाई का?” मला राग आला. माझ्या घरातलं माप बांगडीवालीनं सांगावं! ती गेल्यावर अव्वाला दुकानात नेलं आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. साडेसदतीस किलो. काटा मीच परवा तपासलेला, तरी पुन्हा वजनं ठेवून तपासला. काटा बरोबर होता. तू बेंगळुरूला गेलीस त्या साली ती एकावन्न किलो होती.

मग बसून गणित केलं. पन्नास किलोचं पोतं आम्हा दोघांना पंचावन्न दिवस पुरायचं. माझी कपात धरली तर सहासष्ट-सदुसष्ट दिवस पुरायला हवं होतं. पुरलं नव्वद. ते नव्वद मीच वहीत लिहिलेत, खाली दुहेरी रेघ ओढलीय, खुशीनं. म्हणजे अव्वाच्या पोटात दिवसाला दोनशे ग्रॅम जात होतं. पूर्वी जायचं चारशे. सातवी शिकलेल्याला ही वजाबाकी येते. मी केली नव्हती.

तिला विचारलं, ओरडूनच विचारलं. आधी म्हणाली, भूकच न्हाई. मग म्हणाली, मालकापेक्षा बायकोच्या ताटात ज्यास्त भाकरी, बरं दिसतंय का? मी म्हणालो, बरोबरीनं खायचीस, माझ्यापेक्षा कमी कामून? तेव्हा पदर तोंडाला लावून बोलली. तिचेच शब्द लिहितो. “तुमी वीस वरीस ज्यास्त जगायलाव म्हणून समद्या बाजारात सांगत फिरायलाव. मी आधी गेले तर तुमाला भाकरी कोण करून घालायचं? तुमाला तर चूल बी पेटवता येत न्हाई. म्हणून म्या तुमच्यापेक्षा थोडं ज्यास्तच कमी केलं.”

भालकीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सव्वासहा. बारा असायला हवं म्हणे. हळूहळू खायला घाला म्हणाले. पण तिला आता जातच नाही. सिद्धव्वा करून देते ती पेज चार चमचे पाजली की दोन बाहेर येतात. सहा दिवसांत वजन दोनशे ग्रॅमनं आणखी उतरलंय. उद्या सकाळच्या गाडीनं बिदरला मोठ्या दवाखान्यात नेतोय. ती म्हणते, पोरीला कळवू नका, तिची परीक्षा असंल. तुझी परीक्षा नाही हे मला माहीत आहे, तरी मी हो म्हणालो.

हे पत्र मी तुला बोलवायला लिहीत नाही; तू येशीलच. एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती डॉक्टरांना विचारायची मला लाज वाटते. तू सांगितलं होतंस, कोवळा किडा उपाशी पडला तर वाढ थांबवून महिनोन्‌महिने गप्प पडून राहतो, आणि खायला मिळालं की जणू काही झालंच नाही असा पुढं जगायला लागतो. ते कोवळ्या वयातच होतं का? वयात आलेल्या, फिक्या पडलेल्या किड्याला उचलून पोटभरवाल्या ताटलीत ठेवलं, तर तो परत येतो का? किती दिवसांत? तुझ्या वहीत असेल ते लिही. वाईट असेल तरी आकडाच लिही. तुम्ही किड्याला बारीक तारेनं हळूच शिवता आणि हलला तर जिवंत मोजता ना? आज जेवणवेळेनंतर अव्वा निजली होती, तर मी बोटानं तिच्या तळपायाला शिवलो. पाय हलला. डोळे न उघडता म्हणाली, “जेवलाव का तुमी?” मी हो म्हणालो. सुधा, मी जेवलो नव्हतो. चूल मला खरंच पेटवता येत नाही.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच,
अप्पा