देवकाबाईचा घास

१० नोव्हेंबर
लागली बाई नोकरी एकदाची! तिरोड्याजवळची राईस मिल, हिशोबाचं टेबल, खिडकीबाहेर धानाचे ढीग. माझं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावर, म्हणजे तिथंही धान अन् इथंही धान. मालक वीरेंद्रभैया पहिल्याच दिवशी ‘रविता बेटी’ म्हणाले. दुपारी सगळे गोल बसून एकाच परातीतून भाजी घेतात. झाडपूस करणाऱ्या देवकाबाईनं आधी पळसाच्या पानावर एक घास काढून कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपाशी ठेवला. दामिनीसाठी म्हणे, माझ्याआधीची पोरगी. घास तर मेलेल्यांचा काढतात. वारली का, असं विचारलं, तर बाई मलाच दटावून म्हणाली, जेव मुकाट्यानं, वाळून काडी झालीस.

२१ नोव्हेंबर
नेमणूकपत्र मागितलं. सुपरवायझर प्रफुल सगळ्यांसमोर हसला, म्हणाला, आली मोठी कलेक्टरीण! मीही ऐकवलं, हक्काचं मागून राहिली, भीक नाही. कामगार अधिकाऱ्याकडे तक्रारच टाकली.

२५ नोव्हेंबर
भैयानं सगळ्यांना बजावलं, हिच्याशी कोणी बोलायचं नाही. परात माझ्यापर्यंत येतच नाही. देवकाबाईसुद्धा रोजच्यासारखं ‘जेवली का’ विचारत नाही. नका बोलू! मी काय मरून जाईन? खोलीवर येऊन मात्र खूप रडली.

३ डिसेंबर
हजेरीची मशीन अंगठा घेईना. प्रफुल सरळ माझ्या खुर्चीत बसायला आला, मी उठली म्हणून, नाहीतर मांडीवरच बसला असता. मुद्दाम करून राहिले, की यांना मी खरंच दिसत नाही? रस्त्यावरच्या चहावाल्यालाही माझी हाक ऐकू गेली नाही. त्याला तर कोणी बजावलं नव्हतं.

९ डिसेंबर
अधिकारी आला! हातात माझीच तक्रार. रविता कोण, विचारलं. सगळे म्हणाले, अशी कोणी इथं नव्हतीच. मी समोरच — टेबल बडवलं, ओरडली, साहेब, मीच ती — तो माझ्या आरपार खिडकीबाहेरचं धान पाहत होता. गेला.

जेवायला बसले सगळे. देवकाबाईनं घास काढला. आज दोन पानं. एक कोपऱ्यात. दुसरं माझ्या खुर्चीपा— तिचे डोळे भरले — बाई, असं काऊन, मी आहे ना, मी जिवंत —

कोणीतरी विचारलं, जेवली का. आवाज देवकाबाईचा नाही. कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीतून —

किती दिवसांनी कोणी विचारलं मला. मी हो म्ह—