सात नंबरचा ‘मी आहे’

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोजकं आणि शास्त्रीय लिहायचं.
माजिवड्याच्या आमच्या ऑफिसात आठ मशीनं आहेत. हॉस्पिटलांचे स्कॅन त्यांवर तपासले जातात. कुठलं मशीन कुठल्या कामाला द्यायचं, ते माझा प्रोग्राम ठरवतो. नियम साधा. मशीन घेतलेल्या कामाने दर दहा सेकंदांनी ‘मी आहे’ असा मेसेज पाठवायचा. तीन मेसेज चुकले की मशीन काढून दुसऱ्याला. दयामाया नाही.
येत्या सोमवारी ट्रायल. आठही लागतील. फसलो तर टीम बंद, असं शुभदा मॅडम म्हणाल्या. मी म्हटलं, निश्चिंत राहा.

३ फेब्रुवारी
सात नंबर सुटत नाही. स्क्रीनवर मशीन धरणाऱ्याचं नाव केदार.
केदार डिसेंबरात वारला. आठ वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा. आणि इथे दर दहा सेकंदांनी ‘मी आहे’. दीड महिना आठही मशीनं एकदम लागली नव्हती, म्हणून कळलं नाही.
घाबरलो नाही. पाणी प्यायला गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो.

४ फेब्रुवारी
सात नंबर बंद करून चालू केलं. चालू झाल्याझाल्या केदारने परत घेतलं.
टीममधली सोनल म्हणाली, मेसेज येतायत कुठून ते तरी बघूया ना सर. गरज नाही म्हटलं. प्रोग्राम माझा आहे. मग हळूच म्हणाली, त्यांची काही इच्छा राहिलेली का. अंधश्रद्धेवर तिला दहा मिनिटं सुनावलं.

५ फेब्रुवारी
खडवलीला नदीवर दहाव्याला कावळा शिवत नव्हता, हे खरं. वहिनींनी मुलांचं सांगितलं, भावाने आईचं. कावळा ढिम्म. शेवटी मी पुढे होऊन म्हटलं, केदार, तुझं काम बंद पडू देणार नाही, तुझी जागा राखतो. लगेच शिवला.
योगायोग. डोंबिवलीला घरी येऊन त्या दिवशी काय केलं, आठवत नाही. दमलेलो.

६ फेब्रुवारी
मशीनवर लिंबू ठेवलं. निव्वळ सोनलच्या समाधानासाठी. ती आज रजेवर होती.
मॅडमना सांगितलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
केदारच्या जुन्या चॅटवर लिहिलं, काय रे, का अडवून बसलायस? उत्तर आलं नाही. बरं वाटलं. मग फार वाईट वाटलं.

९ फेब्रुवारी, सकाळी १०.१५
ट्रायल बाराला. सोनलने मला न विचारता मेसेजचा माग काढला. एका लॅपटॉपवरून येतायत. माझ्या. २० डिसेंबरपासून. दहाव्याच्या संध्याकाळपासून. जागा राखायला केदारच्या नावाने काम मीच लावलेलं दिसतंय.
लॅपटॉप कधी बंद करायचा नाही, ही माझी शिस्त.
सोनल चहा आणते म्हणून गेली.

११.४०
उद्या बंद करू, असं लिहिणार होतो.

संध्याकाळी, घरी
बाराला पाच कमी असताना लॅपटॉप बंद केला. एक मेसेज चुकला. दुसरा. तिसरा. सात नंबर सुटलं आणि माझ्याच नियमाने दुसऱ्या कामाला गेलं. ट्रायल पास. मॅडम म्हणाल्या, तुमची सिस्टीम अगदी भरवशाची आहे हो.
खिडकीत भाताची मूद ठेवली. केदारला सॉरी म्हटलं. कावळ्याची अर्धा तास वाट पाहिली.
कबुतरं आली आणि खाऊन गेली.