करमतं का

रविवार संध्याकाळ, डिंगोरे

शाळेत ज्येष्ठांसाठी मानसिक आरोग्याचं शिबिर झालं. सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या हातात एकेक फुगा देऊन त्यांना हसायला लावलं. माझे वडील, नाना, आणि मांडीवर फुगा. हसले नाहीत, एवढं बरं.

मग एक मॅडम फॉर्म घेऊन आल्या. "आजोबा, नैराश्य येतं का?"

"आमच्याकडं कांदा येतो," नाना म्हणाले. "दुसरं काय लावत न्हाई."

सगळे हसले. मॅडमनी 'नाही'वर खूण केली आणि पुढच्या म्हाताऱ्याकडे वळल्या. छापील शब्द तोंडावर फेकायचा आणि उत्तर मिळालं म्हणून खूश व्हायचं. साधं 'करमतं का' विचारायला काय होतं यांना?

घरी येताना मी तावातावाने हेच बोलत होतो. नाना फुगा सांभाळत चालले होते.

"ती परकी पोर हाय," ते म्हणाले. "तू मराठीचा मास्तर. तुझी आई गेल्यापास्नं तू तरी कवा इचारलंस?"

फुगा आता खुंटीला बांधलाय. नाना खाटेवर त्याच्याकडे बघत पडलेत. उद्या मी पुण्याला परत जाणार. विचारायचंच, असं ठरवून मघाशी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

म्हणालो, "गोळी घेतली का?"