मागे उभा राहणारा

विग्री तळं, ९ जुलै

प्रिय व्हितेक भाऊजी,

पाच वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागायलाच आलं असणार, असं तुम्ही म्हणाल. आधी खुशाली तर वाचा. श्चेचिनला बंदरावरचं काम कसं चाललंय? गुडघा अजून दुखतो का? इकडे हवा छान आहे, तळ्याचं पाणी नेहमीसारखं गारठवणारं, आणि जंगलात ब्लूबेरी पिकल्या आहेत. तुम्ही शेवटचं पाहिलंत तेव्हा कालिना सहा वर्षांची होती. आता अकराची झाली आणि आईला अक्कल शिकवते.

आम्ही गाडीमागे कॅराव्हॅन जोडून आलोय. हो, तीच, तुम्ही दोघा भावांनी मिळून घेतलेली. तुमच्या वरच्या फळीवर आता कालिना झोपते. मागच्या कोपऱ्यावरचा पोचा तसाच आहे.

यंदा आम्हाला सगळी घडी नव्याने बसवावी लागली. आकडा जोडणं, साखळी अडकवणं, मागचे दिवे लागतात का बघणं, ही सगळी कामं आता माझ्याकडे आली. बशा टॉवेलात गुंडाळून ठेवायच्या हे मला पहिल्या वळणावर कळलं. आपल्या मागे एक अख्खं घर येतंय हे मी एका पेट्रोल पंपावर साफ विसरले आणि कचऱ्याचा डबा आडवा केला. कालिना म्हणाली, "आई, आपण सहलीला चाललोय की रस्ता साफ करायला?" पंपावरची बाई हसली, मीही हसले आणि उतरून डबा उभा केला.

तर गाडी मीच चालवते. तुमचा भाऊ झेनेक शेजारी बसतो.

बियाविस्तोकहून निघताना रीतीप्रमाणे सगळे घटकाभर बॅगांवर बसलो, मग निघालो. शहराबाहेर पडलो आणि आठवलं, झेनेकच्या गोळ्या स्वयंपाकघरातच राहिल्या. परत फिरलो. अर्ध्या वाटेवरून परत आलेल्याने बसून दहा मोजल्याशिवाय पुन्हा उंबरा ओलांडायचा नाही, हे तुमच्या आईने मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी बजावलं होतं. बसलो. झेनेक मोजायला लागला आणि सातावर अडकला. पुढचा आकडा त्याला सापडेना. कालिनाने त्याचा हात हातात घेतला आणि उरलेले आकडे तिने मोजले.

आता आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, भाऊजी. फेब्रुवारीत झेनेकला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात उचलवत नाही, पाय ओढत चालतो, आणि शब्द यायला वेळ लागतो. कधी येतच नाहीत. पुन्हा झटका येईल का, असं विचारलं की डॉक्टर खिडकीबाहेर बघतात. तुम्हाला कळवायचं नाही, असं त्याने इस्पितळातच बजावलं होतं. म्हणाला, कीव करायला येईल. मी गप्प बसले, आणि त्याचं मला रोज वाईट वाटत होतं.

कॅराव्हॅन विकून टाकू, असं मी एप्रिलमध्ये म्हणाले. तो दोन दिवस जेवला नाही. मग दर रविवारी बाजाराच्या रिकाम्या मैदानात त्याने मला शिकवायला घेतलं. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या चाकाच्या तळाशी धरायचा, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे कॅराव्हॅन जाते. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की मागे उभा राहून खुणा करणारा माणूस आरशात दिसेनासा झाला, तर जागच्या जागी थांबायचं. तो पुन्हा दिसेपर्यंत तसूभरही हलायचं नाही. हे वाक्य त्याने कितीदा तरी म्हटलं, दर वेळी अडखळत.

काल दुपारी इथे पोचलो. कॅराव्हॅनच्या तळावर नवीन कोणी आलं की लोक खुर्च्या आणि कॉफी घेऊन तमाशा बघायला बाहेर बसतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. जागा नेमकी आपली जुनीच मिळाली, त्या पाइनच्या झाडाची. झेनेक मागे उभा राहिला आणि डाव्या हाताने खुणा करू लागला. एकदम तो आरशातून नाहीसा झाला. मी थांबले. उतरून धावत गेले. तो पडला नव्हता. झाडाच्या खोडावर हात ठेवून उभा होता.

"व्हितेकने बरोबर दाखवलं होतं," तो म्हणाला. "मी आरशात बघतच नव्हतो. लोक हसत होते. त्यांच्याकडे बघत होतो."

एवढं सलग तो कित्येक आठवड्यांत बोलला नव्हता. भाऊजी, पाच वर्षांपूर्वी तुम्ही मागे उभे राहून खुणा करत होतात आणि तरी झेनेकने कॅराव्हॅन याच झाडावर आपटली, हे सगळे विसरले असतील. पण डावं-उजवं कळत नाही म्हणूनच तुमची बायको सोडून गेली, असं तो तुम्हाला अख्ख्या तळासमोर म्हणाला. ती जाऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. तुम्ही पिशवी उचललीत आणि बसथांब्याकडे चालू लागलात. त्याने हाक मारली नाही. मीही मारली नाही.

मी लिहितेय हे त्याला माहीत आहे. तो बाहेर बसलाय, कालिना बटाटे किसतेय आणि हा डाव्या हाताने कांदा धरून तिची थट्टा करतोय. मघाशी मी विचारलं, तुझ्याकडून काय लिहू? त्याने हातातला कांदा खाली ठेवला. मला वाटलं, शब्द सापडत नसतील.

मग म्हणाला, "लिही त्याला. तो आरशात दिसत नव्हता. तरी मी पाच वर्षं गाडी दामटली." आणि थोड्या वेळाने, "आता थांबलोय म्हणावं."

कालिनाने वरची फळी रिकामी केली आहे. बस अजून चर्चपाशीच थांबते.

तुम्ही दिसेपर्यंत जागची न हलणारी,
ग्राझिना वहिनी