आईला गाडी लागते

४ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी पुन्हा इस्पितळातून हात हलवत परत आलो. चार तासांचा घाट, आणि पहिल्या वळणापासून आईच्या उलट्या सुरू. पाण्याचा घोटही पोटात ठरला नाही. पोचेपर्यंत ती इतकी गळून गेली की डॉक्टर म्हणाले, अशा अंगात केमोचं औषध सोडता येणार नाही, ताकद आली की या. असे दोन डोस बुडाले. गाठ काही आपल्यासाठी थांबायची नाही.

बसमध्ये शेजारी बसलेली बाई नाकाला पदर लावून उठून गेली, तर आई तिचीच माफी मागत बसली. ते मला बघवेना. आता म्हणते, मरण येईल ते घरी येऊ दे, बसमध्ये नको. तू औषधांच्या दुकानात दिवसभर उभा असतोस, काहीतरी सुचव. माझं शिवणाचं मशीन आठवडाभर झाकलेलंच आहे.

माया राहू दे.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. दुकानात रोज दोन-चार जण हेच दुखणं घेऊन येतात, म्हणून सांगतो. कोणाला दिसू नये म्हणून आई मागच्या बाकावर बसते ना? तीच सगळ्यात वाईट जागा, तिथे धक्के जास्त. तिला पुढे बसव. मान टेकवून समोर लांबवर बघू दे, खाली पिशवीत नाही. खिडकी थोडी उघडी ठेव. उपाशी नेऊ नकोस; निघण्याआधी तासभर दोन कोरडे टोस्ट, मग घोट-घोट पाणी. गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर काही उपयोग नाही. पण केमो चालू आहे, तेव्हा कोणती गोळी ते तिच्या डॉक्टरांनाच विचार, मनाने देऊ नकोस. आणि दर वळणाला मळमळतंय का, असं विचारू नकोस. लहानपणी तुझ्या त्या प्रश्नानेच मला ओकारी यायची.

रागावू नकोस, लोभ आहेच.
तुझा ठोंब्या

२३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

डोस झाला! गोळी डॉक्टरांनीच लिहून दिली. ड्रायव्हरला विनंती केली, त्याने स्वतःच्या मागची जागा राखली. एकदाच उलटी झाली, तीही शेवटच्या उतारावर. इतकी वर्षं त्या घाटात तिने पिशवीशिवाय काही पाहिलं नव्हतं. परवा म्हणाली, अगं, खाली नदी आहे. वळणावर गाडी जोरात घेतली म्हणून ड्रायव्हरला झापलंसुद्धा.

सूनबाईस आशीर्वाद. आठवण ठेव.
ताई

२६ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

नंतरचे दोन्ही डोस वेळेवर झाले, तरी काल तपासणीत गाठ यकृतात उतरलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, आता खेपा नकोत, दुखणं कमी ठेवू. ते दोन डोस बुडाले नसते तर, असं मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. मला रात्रंदिवस तेच खातंय.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ता कुठे मला बसमध्ये बसता यायला लागलं होतं.

जपून राहा.
ताई

३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

स्वतःला दोष देऊ नकोस, माझ्या वाट्याचा त्याहून मोठा आहे. हे साधे उपाय मी परक्यांना सांगत होतो आणि आईला कधी सांगितले नाहीत. सात वर्षांत ती माझ्या घरी आली नाही. मला वाटायचं, सून पसंत नाही म्हणून. मीही ताठ्यात होतो, एकदाही विचारलं नाही. १२ तारखेला रजा घेऊन येतो. आईला सांग, तिने हलायचं नाही.

तुझा,
ठोंब्या

३ एप्रिल

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

तू येऊ नकोस. आईच तुझ्याकडे यायचं म्हणते. सूनबाईविषयीचं तिने वाचलं. म्हणाली, मुलाच्या दारात ओकत उतरायची लाज वाटायची, दुसरं काही नव्हतं. आठ तासांचा रस्ता आहे. इथल्या डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग गोळ्या आणि दुखण्याचं औषध बांधून दिलं. १२ तारखेच्या सकाळच्या बसच्या पुढच्या दोन जागा मिळाल्या आहेत. सूनबाईला म्हणावं, खिडकीजवळ खाट टाक.

परतीचं तिकीट मी एकच काढावं, असं आईने सांगितलंय.

स्टँडवर वेळेत ये.
तुझी ताई